उसनवारीची शाळा

नगरच्या ख्रिस्ती माणसाला शाळेचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. आमच्या घराघरांत एखादा मास्तर नाहीतर एखादी नर्स असतेच. चर्चच्या मंडळीतल्या कुठल्याही जुन्या कुटुंबाची मुळं शोधत गेलं, की तीनचार पिढ्यांमागे मिशनशाळेच्या बोर्डिंगात राहून शिकलेली एखादी पणजी भेटते. अमेरिकन मराठी मिशननं नगरला काम सुरू केलं १८३१ साली. सिंथिया फॅरारबाई १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या आणि पुढे नगरला येऊन अखेरपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. त्यांची शाळा पाहून जोतिराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेनं घर केलं आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे इथेच गिरवले, हे आमच्याकडे घरातल्या गोष्टीसारखं सांगितलं जातं. अशा समाजात मी माझी दोन्ही मुलं शाळेतून काढली आणि घरी शिकवायला बसले.

सगळ्यांत आधी नाराज झाले ते माझे सासरे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. उभी हयात त्यांनी मिशनशाळेत मास्तरकी केली. ते चिडत नाहीत, पण त्यांचं एक वाक्य पुरतं. म्हणाले, "बाळा, शाळेनं आपल्याला माणसांत आणलं. आणि तू पोरांना माणसांतून उचलून घरात आणतेस?"

मी तेव्हा जरा तोऱ्यात विचारलं, "दादा, पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या?" माझा मुद्दा खोटा नव्हता. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून पंडितांचा रोष ओढवून घेतला, आणि त्याच आईनं पुढे रमाबाईंना शिकवलं, तेही पहाटे उठवून, घरची कामं सुरू होण्याआधी. गावोगाव पुराण सांगत फिरणारं, पुढे दुष्काळात अन्नान्न झालेलं ते कुटुंब. लहानपणी शाळेची इमारत त्या मुलीनं विद्यार्थिनी म्हणून पाहिलीच नाही. दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर. त्या घरी शिकल्या. आणि मग काय केलं? मुंबईत शारदा सदन काढलं. दुष्काळात पोरी गोळा करून केडगावला मुक्ती उभी केली. घरी शिकल्या, पण घरात बसल्या नाहीत." (हे केडगाव दौंडजवळचं, आमच्या नगरचं नव्हे.) त्या दिवशी बोलणं तिथंच थांबलं. पण दादांच्या त्या मोजपट्टीनं मी आजतागायत आमची घरची शाळा मोजत आले आहे.

शाळा सोडण्यामागे मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. मी डी.एड. झालेली, एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत प्राथमिकला शिकवत होते. माझी मुलंही तिथेच. २०२० च्या टाळेबंदीत शाळेनं माझा पगार थांबवला आणि मी शाळेची फी थकवली. देणं आणि घेणं दोन्ही एकाच ठिकाणी. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद होतं. घरात फोन एक आणि ऑनलाइन वर्ग दोन. थोरली तिसरीत होती, धाकटा बालवाडीत. फोन धाकट्याला दिला तर थोरलीचा तास बुडायचा, म्हणून तिला मी पोळ्या लाटता लाटता शिकवू लागले. गणिताचं नाव काढलं की पोटात दुखणारी पोर लाटण्याशेजारी बसून भागाकार करायला लागली. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आम्ही दोघांनी बसून विचार केला. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या गोष्टी मुलांना घरी बसलेलं असताना, वाटेनं चालताना, झोपताना आणि उठल्यावर सांगत राहायला सांगितलंय. संडे स्कूलमध्ये हा भाग मी कितीदा तरी शिकवला होता. पण मुलांबरोबर वाटेनं चालायला आपल्यापाशी वेळ उरतो का, हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला. तेवढ्या प्रश्नावर आम्ही एक वर्ष घरी शिकवायचं ठरवलं. त्या एका वर्षाची पुढे बरीच वर्षं झाली.

लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दृष्टांत आहे. आधी बसून खर्चाचा अंदाज घे, नाहीतर पाया घालून थांबशील आणि लोक हसतील. आम्ही बसलो. नवऱ्याची कमाई हंगामी. फेब्रुवारी ते मे विहिरी खोल जातात, व्होल्टेज पडतं, शेतकऱ्यांच्या मोटारी जळतात आणि आमच्या दुकानात गर्दी होते. पाऊस लागला की शेतकरी सुखावतो आणि आमच्याकडे हात आखडतो. कुणाच्या अडचणीवर आपलं घर चालतं हे मुलांना ठाऊक असावं, म्हणून ही गोष्ट आम्ही त्यांच्यापासून लपवली नाही. हिशेबाची पद्धत पाकिटांची: दशांश, भाडं, किराणा, वीज, औषध आणि शेवटचं शाळेचं. दशांश आधी काढायचा की खर्च भागवून उरेल त्यातून, यावर आमच्या लग्नात सुरुवातीला बरीच भांडणं झाली होती. आता तो आधीच निघतो. तो काढायचं काम थोरलीकडे दिलं. चार हजार तीनशे पन्नास रुपये आले तर चारशे पस्तीस पाकिटात. टिंब एक घर डावीकडे सरकवायचं, हे तिला कुठल्याही स्वाध्यायाच्या आधी कळलं. शाळेच्या पाकिटात बरेचदा पाचशेची एकच नोट असायची. काही महिने तीही नाही.

तेवढ्यात काय येतं? बालभारती येते. पुण्याचं हे पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ १९६७ साली स्थापन झालं आणि आता त्याची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात. पण फुकटाच्या मोहात पडून कुणी ती छापायला जाऊ नये. झेरॉक्सवाल्याच्या दरानं शंभरसव्वाशे पानांचा हिशेब केला, की पुस्तकच स्वस्त पडतं, आणि रद्दीवाल्याकडचं तर त्याहून स्वस्त. २०२३ मध्ये मधेमधे वहीची पानं घातलेली चार भागांची पुस्तकं आली होती. ती आमच्याकडे रद्दीतून आली तेव्हा त्यातली बरीच पानं कोरी होती. धाकट्याचं वर्षभराचं शुद्धलेखन त्यांवर झालं. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं आणि त्याचे जुने अंक फोनवर फुकट वाचायला मिळतात. अरविंद गुप्तांनी काडेपेट्या, सायकलची ट्यूब आणि जुने पेन यांपासून करायच्या खेळण्यांची पुस्तकं मराठीतही मोफत खुली केली आहेत. आमच्या घरी आगपेटीतली काडी संपायच्या आत पेटीवर हक्क सांगितला जायचा. कागद, खडू आणि फळ्याचा रंग एवढंच विकत आणावं लागलं. फळा म्हणजे दुकानातला जुना प्लायवूड.

मात्र सगळ्या ख्रिस्ती घरांत असं चालत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं अमेरिकेतून खास ख्रिस्ती घरशाळेसाठी बनवलेला अभ्यासक्रम मागवला होता. मी तो पाहायला गेले. पेटीभर गुळगुळीत रंगीत पुस्तकं, चित्रांच्या पट्ट्या, आईनं कोणत्या दिवशी कोणतं वाक्य बोलायचं तेही छापलेलं. किंमत डॉलरात, वर टपालखर्च. आणि कार्यपुस्तकं अशी की एकदा मुलानं भरली की संपली. धाकट्यासाठी पुन्हा नवा संच. आमच्या कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढा आकडा होता. परवडला असता तर मी घेतला असता, यात शंका नाही. मग माझ्या मुलांनी डाइम आणि क्वार्टर मोजले असते, बर्फ वितळल्यावर कोणते पक्षी येतात ते पाठ केलं असतं, आणि आम्ही दार लावून निवांत बसलो असतो. सगळं पेटीतच मिळत असल्यावर शेजारी जायची गरजच काय? आम्हाला मात्र प्रत्येक विषयासाठी कुणाचं ना कुणाचं दार ठोठवावं लागलं. दादांच्या प्रश्नाचं उत्तर मला हळूहळू तिथे सापडत गेलं. माझ्या मुलांना माणसांत ठेवलं ते आमच्या रिकाम्या पाकिटानं.

पेटीतली एक गोष्ट मात्र मी घेतली, आणि ती फुकट होती. ती मूळ शार्लट मेसन या इंग्रज बाईंची. १८४२ मध्ये जन्मलेल्या, अँबलसाइडला शिक्षिका घडवणारी संस्था चालवणाऱ्या, श्रद्धाळू बाई. 'होम एज्युकेशन' हे त्यांचं पुस्तक १८८६ चं. त्यांची रीत अशी की चांगलं पुस्तक एकदाच वाचून दाखवायचं, पुन्हा नाही, आणि मग मुलानं ते आपल्या शब्दांत सांगायचं. मधे टोकायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. डी.एड.ला पाठ टाचणात प्रश्नांच्या रांगा लिहायची सवय लागलेल्या मला गप्प बसणं फार जड गेलं. योहानाच्या सहाव्या अध्यायातली पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट धाकट्यानं सांगितली ती अजून आठवते. पाच हजार लोक, गवत, बारा टोपल्या हे सगळं आलं. शेवटी तो थांबला आणि म्हणाला, "मम्मी, त्या पोराला घरून भाकरी बांधून कुणी दिल्या असतील? त्याच्या आईनंच ना? मग तिचं फडकं तिला परत मिळालं का?" शास्त्रात आईचा उल्लेख नाही. इतकी वर्षं संडे स्कूल शिकवून मला ती बाई कधी दिसली नव्हती. त्याच गोष्टीत सगळे जेवल्यावर येशू उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही वाया जाऊ नये म्हणून. ज्यानं आत्ताच हजारोंना जेवू घातलं, तो तुकड्यांची काळजी करतो, हे आमच्या घराला फार सोयीचं वाटलं.

दुसरी बाई मला भेटली ती सुझाना वेस्ली, जॉन आणि चार्ल्स वेस्लींची आई. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्लंडातलं एपवर्थ गाव. एकोणीस मुलं झाली, त्यांतली दहा जगली. नवरा पाळक आणि कायम कर्जात; १७०५ मध्ये त्याला कर्जापायी लिंकनच्या तुरुंगात जावं लागलं. १७०९ मध्ये घर जळालं. अशा घरात तिनं मुलांची शाळा चालवली, आणि मुलींना नीट वाचता आल्याशिवाय शिवणाला बसवायचं नाही असा नियम ठेवला. तिच्या घरी चाकरमाणसं होती, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. माझ्याकडे प्रेशर कुकर आहे. तिची शिस्त आजच्या मानानं कडक, ती मी उचलली नाही. पण आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून त्याच्याशी एकट्यानं बोलायची तिची रीत मी घेतली. दोनच मुलं असल्यानं ते सोपं होतं. थोरलीनं अशाच एका संध्याकाळी सांगितलं, की तिला शाळेची आठवण येते ती फक्त गॅदरिंगसाठी. मग मंडळीच्या नाताळच्या कार्यक्रमात नाटिका बसवायचं काम तिला मिळालं.

गणित आणि विज्ञान शिकवायला खरा शिक्षक दुकानात होता, पण तो मानायला तयार नव्हता. माझा नवरा आयटीआय झालेला. "आपल्याला शिकवणं जमत नाही," हे त्याचं ठरलेलं उत्तर. एका उन्हाळ्यात मदतनीस पळाला म्हणून थोरली दुकानात बसू लागली. जळलेली पाच हॉर्सपॉवरची मोटार उघडली, की आधी जळक्या वॉर्निशचा वास येतो. जुनी कॉइल तोडण्याआधी तिचा सगळा डेटा लिहून घ्यावा लागतो, वेढे किती, तार किती गेजची, कॉइल कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत जाते. डेटा चुकला तर मोटार पुन्हा जळते आणि शेतकरी पुन्हा दारात. स्टेटरला छत्तीस खाचा. फेज तीन, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला बारा. पोल चार, म्हणजे एका पोलला नऊ. एका पोलमध्ये एका फेजला तीन. हा भागाकार तिनं बोट काळं करत, खाचेवर खडूच्या खुणा करत केला. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते, हे धाकट्याला बरेच दिवस अन्यायाचं वाटत होतं.

मग एकदा तिनं मोटारीवरची पट्टी वाचली. फेरे मिनिटाला चौदाशे चाळीस. पप्पांनी सांगितलेल्या सूत्रानं तिनं हिशेब केला. एकशेवीस गुणिले पन्नास हर्ट्झ, भागिले चार पोल, उत्तर पंधराशे. "पप्पा, साठ फेरे कुठं गेले?" तो हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चुंबकाचं क्षेत्र पंधराशेनं फिरतं. रोटर त्याच्या मागे धावतो. थोडा मागं राहतो म्हणून तर त्यात वीज तयार होते आणि तो ओढ घेतो. गाठलं असतं तर जोरच राहिला नसता." पुढचा अर्धा तास तो बोलत होता, गिऱ्हाईक उभं होतं. शिकवणं जमत नाही हे वाक्य त्यानंतर आमच्या घरात ऐकू आलं नाही.

बाकीचे विषय गल्लीनं वाटून घेतले. गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त सर इंग्रजी व्याकरण शिकवायचे आणि बदल्यात मी त्यांच्या नातीला मराठी शिकवायची. शिलाईवाल्या चाचांनी धाकट्याला उर्दू अक्षरं लावून दिली; त्यांच्या पाकिटातली जुनी पत्रं वाचायची म्हणून त्यानं हट्टच धरला होता. शेजारच्या काकूंच्या भिशीचे हिशेब थोरली ठेवायची. गौरीगणपतीत तिकडची करंजी इकडे, नाताळात इकडचा केक तिकडे, हे आधीही होतंच. आता त्यात पाढे आणि गणितं मिसळली. भाषेसाठी आमच्याकडे 'उपासना संगीत' होतं. नारायण वामन टिळक नगरला राहिले, त्यांची गीतं आम्ही दर रविवारी गातो. घरी मी त्यांतले ओवी-अभंग मुलांना मोजायला लावले. रात्री लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचायचो. लग्नानंतर घरीच अक्षरं गिरवलेल्या बाईनं १९३४ पासून छापून आलेलं ते पुस्तक. मुलं पोट धरून हसायची, आणि टिळकांनी घरातले पैसे वाटून टाकले की थोरली पाकिटाकडे बघायची.

इतिहासासाठी किल्ला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे मोठे पुढारी नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत आले आणि नेहरूंनी 'भारताचा शोध' इथेच १९४४ मध्ये लिहिला. सोबत मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली अशी माणसं होती, आणि त्यांच्याशी झालेल्या चर्चांचा आपल्याला किती उपयोग झाला ते नेहरूंनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच नोंदवलंय. बाहेरची मोठी ग्रंथालयं हाताशी नसताना शेजारच्या खोलीतल्या माणसांकडून शिकायचं, हा धडा आम्हाला त्या भिंतींपाशी उभं राहून नीट कळला.

श्रद्धेचा भाग सगळ्यांत नाजूक. घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती आईच्या हातात बायबल हे छडीसारखं वापरायला फार सोपं असतं. भावाशी भांडलास, हे वचन दहा वेळा लिही. उलट बोललीस, आईबापांचा मान राख हे पाठ कर. वर्गात शिक्षा म्हणून कविता लिहायला लावलेली मुलं कवितेचा राग करतात, हे मी नोकरीत पाहिलं होतं. म्हणून एक नियम केला, की शास्त्र शिक्षेत वापरायचं नाही आणि परीक्षेतही नाही. सकाळची प्रार्थना होते, वाचन होतं, मुलं सांगतात, झालं.

तरी अवघड प्रश्न यायचे थांबत नाहीत. डोंगरगणच्या वाटेवर काळ्या दगडाचे थर बघून थोरलीनं पुस्तकातलं वाचलेलं सांगितलं, की हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मग विचारलं, "उत्पत्तीत तर सहा दिवस आहेत." त्या अमेरिकन पेटीत या प्रश्नाला छापील उत्तर होतं, पृथ्वी काही हजार वर्षांची. मी ते दिलं नाही. दगडाचं वय दगडाकडून विचारायचं आणि हे सगळं कुणाचं आहे ते उत्पत्तीकडून, एवढं सांगितलं. तिचं समाधान झालं की नाही, मला माहीत नाही. ती पाळकसाहेबांकडेही तोच प्रश्न घेऊन गेली. त्यांनी तिला हाकललं नाही, उलट चहा पाजून तासभर बसवलं. पेटीतल्या उत्तरानं हा तास तिला मिळाला नसता.

आता या सगळ्याला खर्च किती आला, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. घरची शाळा स्वस्त पडते असं सांगणारे लोक एक आकडा सोडून देतात. तो आईच्या पगाराचा. माझ्या डी.एड.च्या बॅचच्या दोघी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेत लागल्या, कायम झाल्या. मी सकाळी मुलांचं, दुपारी घरचं आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या असं करत राहिले. मला ताप आला की आमच्या शाळेला सुट्टी. आणि घरी कुणी राहायचं, हा प्रश्न आमच्याकडे कधी विचारलाच गेला नाही. ते ठरलेलंच होतं. मंडळीतल्या ज्या घरांत ही शाळा चालते, तिथे सगळीकडे बाईच घरी आहे. देवानं बाईला आई केलं म्हणजे तिचा पगार शून्य धरला, असं शास्त्रात मला तरी कुठे सापडलं नाही. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातली बाई शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते आणि आपल्या मालाला भाव चांगला आहे हे तिला कळतं.

कायद्याचंही प्रामाणिकपणे सांगायला हवं. सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं तो म्हणतो, आणि घरी शिकवण्याचं नाव कुठे घेत नाही. त्यामुळे घरशाळावाल्या पालकांच्या मनात धाकधूक कायम. वाट काढून देतं ते मुक्त विद्यालय. १९८९ मध्ये सुरू झालेली ही राष्ट्रीय संस्था तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पातळ्यांच्या परीक्षा घेते. चौदा पूर्ण झाले की दहावीला बसता येतं. पाच विषय, ते एकदम द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत सवडीनं पुरे करता येतात. घरात पैसे हंगामी येत असतील तर ही सवड फार मोलाची. बाहेरून परीक्षेला बसायचा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहेच. कुणी ना कुणी नातेवाईक मला अजून मालविका जोशीची बातमी पाठवतो. मुंबईची ही मुलगी दहावी-बारावी न करता प्रोग्रॅमिंग ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर २०१६ मध्ये एमआयटीत गेली. तिचं कौतुक आहेच, पण अशा एका बातमीवर कुणी आपल्या मुलाची शाळा सोडवू नये. माझ्या थोरलीला एमआयटीत जायचं नाही, तिला डिप्लोमा इलेक्ट्रिकल करायचाय, आणि त्यासाठी दहावीचा कागद लागतो.

मंडळीतली तरुण जोडपी आता विचारायला येतात, "ताई, घरी शिकवायचं तर महिन्याला किती लागतात?" मी पुस्तकांचा आकडा सांगते, तो ऐकून त्यांचे चेहरे उजळतात. मग दोन प्रश्न विचारते. दोघांपैकी कुणाचा पगार जाणार आहे, आणि तो जाईल हे त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय का? आणि गल्लीतल्या किती घरांत तुम्ही न सांगता जाऊ शकता? एक जोडपं नुकतंच नव्या सोसायटीत राहायला गेलं होतं, शेजारी कोण आहे तेही माहीत नव्हतं. त्यांना मी म्हटलं, आधी वर्षभर शेजार करा, शाळेचं नंतर बघू. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

यंदा धाकट्यानं आपणहून सांगितलं, की त्याला शाळेत जायचंय. कारण कबड्डी. मैदानावरच्या मुलांची शाळेची टीम आहे आणि शाळेबाहेरच्या मुलाला तालुक्याच्या सामन्यात खेळवत नाहीत. मी धर्माची, शिक्षणाची बरीच कारणं मनात जुळवून पाहिली. कबड्डीपुढे एकही टिकेना. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "विचारतेस काय? जूनमध्ये नाव घाल." मग जरा थांबून म्हणाले, "वाचतो छान, बोलतो छान. काही बिघडलं नाही त्याचं." त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं.

घराजवळच्या मराठी शाळेत चौकशी करून आले. वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळणं हा त्याच २००९ च्या कायद्यानं मुलाला दिलेला हक्क आहे, त्यामुळे सहावीत बसायला अडचण नाही. थोरली घरूनच दहावीची तयारी करेल. दोन विषय आधी, तीन नंतर, असं तिचं तिनं ठरवलंय आणि परीक्षेच्या फीचं वेगळं पाकीटही केलंय. माझ्या सकाळी आता मोकळ्या होतील. टीईटीचा फॉर्म मी भरून ठेवला आहे.